ड्रमंडांच्या परसातलं तण

एल्स्पेथ ड्रमंड आमच्या इतिहास मंडळाची एकोणीस वर्षं अध्यक्ष आहे. दर वर्षी रीतसर निवडणूक होते आणि दर वर्षी तिच्याविरुद्ध कोणी उभं राहत नाही. जो उभा राहील त्याला पुढे वर्षभर एल्स्पेथ भेटत राहील, ही साधी भीती त्यामागे आहे. मी नोरीन, मंडळाची सचिव. आधी तीस वर्षं आमच्या गावाचं, हॅलोरन्स फोर्डचं, पोस्ट ऑफिस सांभाळलं. तेव्हा कोणाला कुठून पत्र येतं ते मला ठाऊक असायचं, आता कोणाचं कोणाशी का पटत नाही ते इतिवृत्तात लिहिते.

गावाबाहेर, नदीच्या वळणावर, काळ्या दगडाचं दोन खोल्यांचं घर आहे. एल्स्पेथच्या खापरपणजोबांनी, आर्चिबाल्ड ड्रमंडने, ते बांधलं. "ओसाड रान, एक माणूस, एक बैलगाडी आणि अकराशे मेंढ्या," हे वाक्य एल्स्पेथने इतक्यांदा म्हटलंय की शाळेतली मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात. ड्रमंडांना बरे दिवस आल्यावर त्यांनी टेकडीवर मोठा बंगला बांधला आणि हे घर कपडे धुवायला राहिलं. मग तिथे मेंढ्यांचा चारा ठेवू लागले, मग ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरही विकला गेल्यावर छपरात पॉसम या मांजराएवढ्या निशाचर प्राण्यांनी बिऱ्हाड केलं. चार वर्षांपूर्वी सरकारी अनुदान मिळालं आणि मंडळाने घराचा जीर्णोद्धार करायचं ठरवलं.

सुतारकाम लेस हॉबनकडे होतं. लेस चांगला कारागीर, पण त्याला 'जुनं' म्हणजे काय हे एल्स्पेथकडून शिकावं लागलं. छपराचा पत्रा चांगला होता. तो काढला, कारण आर्चिबाल्डच्या वेळी लाकडी फळकुटं होती. फळकुटं बसवली, तर नगरपालिकेचा माणूस येऊन म्हणाला, ही पेट घेतील, खाली पत्रा हवा. म्हणून आता वर इतिहास आहे आणि खाली पत्रा. दार वाळवीने खाल्लं होतं. लेसने नवं केलं. एल्स्पेथने त्यावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं.

"हे फार गुळगुळीत आहे, लेस."

"नवीन आहे ना."

"तेच म्हणतेय मी."

लेसने दोन दिवस ते दार साखळीने बडवलं. मग कुत्र्याला त्याच्याशी कोंडून ठेवलं. एल्स्पेथ पुन्हा आली, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "वाळवीची भोकं राहिली." लेसने गाडीतून ड्रिल काढलं.

माहितीपत्रकासाठी मी त्याला विचारलं, "मूळचं असं काय काय उरलंय रे आता?"

त्याने बोटं मोजली. "तीन भिंती, चूल आणि एल्स्पेथ."

घर झालं, मग बागेवरून ठिणगी पडली. एल्स्पेथच्या मनात गुलाब होते. आर्चिबाल्डची बायको युफेमिया हिने स्कॉटलंडहून गुलाबाची कलमं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती आणि घरामागच्या परसात लावली होती, असं ड्रमंडांच्या जुन्या पत्रांत आहे. मेंढ्यांनी खाऊ नयेत म्हणून आर्चिबाल्डने परसाला छातीएवढी दगडी भिंत घातली. दोन उन्हाळ्यांत गुलाब मेले. हेही पत्रांत आहे, पण एल्स्पेथ ते पान वाचून दाखवत नाही. शिवाय अनुदानाची अट होती, बाग इथल्या देशी झाडांची पाहिजे. अट वाचून एल्स्पेथने नाइलाजाने क्लेम राडमाकरला बोलावलं.

क्लेम म्हणजे आमच्या शाळेचा निवृत्त गणित मास्तर आणि देशी वनस्पती मंडळाचा संस्थापक. त्या मंडळात पाच सभासद आहेत, त्यांतले तीन त्याच्या घरातले. क्लेम आणि एल्स्पेथ एकाच वर्गात शिकले. तिसरीत एल्स्पेथने त्याची चूक बाईंना सांगितली होती, ती तो अजून विसरलेला नाही.

तो ट्रेलर भरून रोपं घेऊन आला. एकशे चाळीस. प्रत्येकाच्या गळ्यात लॅटिन नावाची पाटी. एल्स्पेथने एक पाटी उलटून पाहिली.

"क्लेम, हे कुठलं झाड?"

"देशी आहे."

"ते ऐकलं. कुठलं?"

"ऑस्ट्रेलियाचं."

"ऑस्ट्रेलियात कुठलं?"

क्लेमने टोपी सारखी केली. "पर्थच्या बाजूचं. फुलं फार सुंदर येतात."

"पर्थ इथून तीन हजार किलोमीटर आहे. मग माझे गुलाब काय वाईट होते? त्यांनी प्रवास थोडा जास्त केला एवढंच!"

"गुलाबांनी समुद्र ओलांडलाय, एल्स्पेथ. हा फरक आहे. मुळात हा फरक तिसरीतच शिकवतात."

यावर ती जे बोलली ते मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलं.

पण एका बाबतीत दोघांचं झटकन एकमत झालं. परसात, दगडी भिंतीच्या आत, गवतात पिवळ्या फुलांचं तण माजलं होतं. शेताच्या बांधावर डँडेलियन हे विलायती तण उगवतं ना, तसलंच. एल्स्पेथ म्हणाली, "हे गलिच्छ दिसतंय." क्लेम म्हणाला, "परदेशी घुसखोर आहे, मुळासकट काढा." क्लेमला वर औषध फवारायचं होतं. एल्स्पेथने साफ नाही म्हटलं, कारण आर्चिबाल्डच्या वेळी फवारणी नव्हती. तिच्या हट्टाने कोणाचं भलं झाल्याचं मला आठवतं, ते हे एकच.

ऑक्टोबरातल्या, म्हणजे आमच्या वसंतातल्या, एका शनिवारी श्रमदान ठरलं. बारा जण आलो. सगळ्यांचं वय मिळून आठशेच्या वर असेल. वारा असा बोचरा की नाकातून पाणी गळत होतं. मी गुडघ्याखाली पोतं घेऊन तण उपटत होते तेव्हा मला दिसलं की फुलं ताठ उभी आहेत, पण कळ्या सगळ्या मान खाली घालून आहेत. मी क्लेमला हाक मारली.

"अरे, या कळ्या बघ कशा लाजतात."

"तणाला कसली लाज!" तो म्हणाला. "उपट."

उपटलं. खाली बोटभर लांब, पांढरे, मुळ्यासारखे कंद होते. एकाला मी चोळून पुसलं तर आत दुधासारखा चीक. तीन हातगाड्या भरल्या. फेकायच्या कुठे, म्हणून मीच म्हटलं, माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात टाका, त्या उकरतील. लेसने टाकल्या. कोंबड्यांना सण झाला.

रिकाम्या परसात क्लेमने पर्थवाल्यांना दोऱ्या लावून ओळींत बसवलं. गणिताचा माणूस. दोन झाडांमधलं अंतर कुठेही मोजा, सारखंच.

उद्घाटन दोन आठवड्यांनी होतं. आमदार यायचे होते, बॅगपाइपवाले यायचे होते. हल्ली कुठल्याही समारंभाच्या सुरुवातीला इथल्या मूळ लोकांपैकी कोणा वडीलधाऱ्याने पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं. आमच्या गावात ते काम आंटी विल्माचं. चौऱ्याऐंशी वर्षांची. पूर्वी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. अर्ध्या गावाने आजारपणात तिच्या हातचं सूप प्यायलंय. फुटबॉल मैदानाच्या पलीकडे घर. सगळं गाव तिला आंटी म्हणतं, आमदारसुद्धा, आणि तिला ते आमदाराच्या तोंडून ऐकायला फारसं आवडत नाही.

एल्स्पेथने माझ्यासमोर फोन केला. "आंटी विल्मा, तुमच्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवली आहेत. पाच पुरेत ना? मग आमदार पंचवीस मिनिटं बोलतील, मग मी."

पलीकडून आंटी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. एल्स्पेथने फोन ठेवला आणि कपाळाला आठी घातली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आमच्या लोकांची इथली साठ हजार वर्षं पाच मिनिटांत, बसवते कशीतरी."

उद्घाटनाला ऊन छान पडलं. एल्स्पेथने ड्रमंड घराण्याच्या खास चौकड्याची शाल पांघरली होती, आणि खाली पांढरा लोकरी पोशाख, जो तिने मुलीच्या लग्नानंतर अंगाला लावला नव्हता. आंटीने स्वागत केलं, चार मिनिटांत. आमदार पस्तीस मिनिटं बोलले. "या देशी बागेने," ते म्हणाले, "इथल्या मातीचं मूळ रूप आपल्याला परत दिलं आहे." क्लेमने मान लववली. पर्थहून आलेली दोन झाडं तोवर सुकली होती, त्यांना त्याने सकाळीच उकरून भिंतीच्या सावलीत हलवलं होतं.

फीत कापली. लोक चहा आणि स्कोन नावाच्या गोड पावांवर तुटून पडले. आंटी विल्मा काठी टेकत एकटीच घराला वळसा घालून परसात गेली. मी तिच्यासाठी चहा घेऊन मागोमाग गेले. ती भिंतीशी उभी राहून जमिनीकडे बघत होती.

"नोरीन," ती म्हणाली, "इथली पिवळी फुलं कुठे गेली गं?"

मी उत्तर द्यायच्या आत एल्स्पेथ आलीच. पाहुण्यांना फिरवत होती, आमदार बरोबर होते. "तण होतं, आंटी," ती अभिमानाने म्हणाली. "तीन हातगाड्या! मुळासकट काढलं आम्ही. मी स्वतः काढलं."

आंटी विल्माने तिच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. आधी हळू, मग काठी घट्ट धरून, मग खांदे हलायला लागले. शेवटी तिला लेसने केलेल्या बाकावर बसावं लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळंच हसण्याचं होतं असं मला वाटलं नाही.

"पोरी," ती एल्स्पेथला म्हणाली. एकाहत्तर वर्षांच्या एल्स्पेथला गावात दुसरं कोणी पोरी म्हणत नाही. "अगं, ते मर्नाँग होतं."

"काय होतं?"

"आमचं खाणं. या एवढ्या पट्ट्यात शेवटचं. बाहेर सगळं संपलं, या भिंतीच्या आत राहिलं, कारण इथे तुमच्या मेंढ्यांना येता येत नव्हतं. तुझ्या आर्चिबाल्डने तेवढं एक चांगलं काम केलं होतं, तेही गुलाबांसाठी."

क्लेम मागे येऊन उभा होता. त्याच्या हातात स्कोन होता, त्यावरचा जॅम ओघळून बोटावर आला होता. "कळी," तो पुटपुटला. "कळी खाली वाकते. पुस्तकात पहिल्याच ओळीत आहे. पहिल्याच ओळीत." त्याचा चेहरा असा पडला, जणू कोणी पुन्हा बाईंना जाऊन सांगितलंय.

आमदारांनी घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाल्यासारखं केलं.

"पण तुम्हाला कसं माहीत, इथे आहे म्हणून?" एल्स्पेथने विचारलं. आवाज तिचा अजून अध्यक्षांचाच होता, पण शाल खांद्यावरून घसरली होती आणि ती तिने सावरली नाही.

"माझी आजी सोमवारी इथे तुमचे कपडे धुवायची. मी तिच्याबरोबर यायचे. कपडे उकळत असताना ती चार कंद उकरायची, खालच्या राखेत भाजायची. आजी गेल्यावर मी येत राहिले. दर वसंतात. मागच्या बाजूने, भिंतीवरून. आता आता गुडघ्यांमुळे फाटकातून येते, तुम्ही सगळे चर्चमध्ये किंवा मीटिंगमध्ये असता तेव्हा."

"साठ-सत्तर वर्षं तुम्ही आमच्या जागेत..." एल्स्पेथ म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडलं. सोडायची अक्कल तिला त्या क्षणी कुठून आली देव जाणे.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" क्लेमने विचारलं. जवळजवळ रडवेला झाला होता.

"कोणी विचारलं? मला फोन आला तो पाच मिनिटांचा."

लांब बॅगपाइप सुरू होता, तो थांबला. मग मला कोंबड्या आठवल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ते तण माझ्या खुराड्यात आहे. म्हणजे, उरलं असलं तर."

पुढचं सगळं गावाने पाहिलं नाही हे बरं झालं. एल्स्पेथ, क्लेम, आंटी आणि मी माझ्या गाडीतून घरी आलो. एल्स्पेथ पुढे बसली होती आणि वाटभर एकच प्रश्न विचारत होती, "कोंबड्या कंद खातात का गं?" मी खोटं बोलले. म्हटलं, "निवडून खातात."

खुराड्यात दोन आठवड्यांच्या उकराउकरीनंतर तीन हातगाड्यांचं दीड इंच उरलं होतं, शेण, पिसं आणि मातीत कालवलेलं. मी कुदळ शोधायला वळले, तोवर एल्स्पेथने त्या पांढऱ्या लोकरी पोशाखात गुडघे टेकले आणि हाताने उकरायला लागली. तिच्या शेजारी क्लेम, कोटटाय घालून. माझा कोंबडा दोघांभोवती रागाने फिरत होता, कारण इतकी मोठी आणि इतकी हळू उकरणारी कोंबडी त्याने कधी पाहिली नव्हती. आंटी विल्माने बादली पालथी घातली, तीवर बसली आणि काठीने दाखवू लागली.

"तिथे. नाही, तिकडे. ते लाकूड आहे पोरी, टाक. हां, तो. तो सावकाश."

"क्लेम, सरक," एल्स्पेथ म्हणाली. "माझ्या हातावर गुडघा आहे तुझा."

"तूच माझ्या बाजूला आलीस."

"बाजू कसली! खुराड्यात काय ओळी आखल्यास?"

दोन तासांनी अकरा कंद निघाले. चारांना चोचीचे घाव होते. दोनांना पांढरे कोंब फुटले होते, ते पाहून क्लेमने नाक शिंकरलं. आंटीने अकराही रुमालात बांधले, कमरेला खोचले आणि म्हणाली, "नोरीन, मला घरी सोड."

एल्स्पेथ उभी राहिली. गुडघ्यापासून खाली ती माझ्या कोंबड्यांचीच दिसत होती. "आंटी, ते पुन्हा परसात लावायला हवेत. आपण कुंपण घालू. पाटी लावू. काचेची."

"काचेखाली कंद येत नाही," आंटी म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

सोमवारी तातडीची सभा झाली. विषय एकच, कंद कोणाचे. एल्स्पेथ म्हणाली, मंडळाच्या जागेतून निघाले म्हणून मंडळाचे. क्लेम म्हणाला, मंडळाने ते तण ठरवून फेकून दिले, फेकलेल्या वस्तूवर हक्क राहत नाही. लेस म्हणाला, मग ते नोरीनच्या कोंबड्यांचे, आणि कोंबड्यांनी आपला वाटा उचललेला आहे. चाळीस मिनिटांनी ठराव झाला की अकरा कंद ही ऐतिहासिक वस्तू असून ती श्रीमती विल्मा यांना उसनी देण्यात येत आहे. वस्तू उसनी देण्याचा आमचा छापील फॉर्म आहे. तो मी भरला. 'वस्तूची स्थिती' या रकान्यात खरं ते लिहावं लागतं, म्हणून 'अंशतः खाल्लेली' असं लिहिलं.

मंगळवारी एल्स्पेथ फॉर्म आणि पेन घेऊन आंटीकडे निघाली. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. आंटी मागच्या अंगणात होती. कपडे वाळत घालायच्या तारेखाली तिने वाफा खणायला घेतला होता आणि थकून काठीवर वाकून उभी होती.

"आंटी, एक सही हवी होती."

आंटीने फॉर्म लांब धरून वाचला. पुरता वाचला. मग तो चिमट्याने तारेला लावला, टॉवेलांच्या मधे, खणायची टोकदार काठी एल्स्पेथच्या हातात दिली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसली. "सही नंतर. आधी भोकं पाड. हाताएवढं अंतर. तुझ्या त्या मास्तरासारखं मोजत बसू नकोस."

एल्स्पेथने माझ्याकडे पाहिलं. मी तारेवरच्या टॉवेलांकडे पाहिलं. ती खाली बसली आणि भोकं पाडायला लागली.

"तुझी आजी मला चांगली आठवते," आंटी म्हणाली. "फार कडक. बंगल्यातून खाली यायची कपडे मोजायला. एकदा तिने आम्हाला खाताना पकडलं. मला वाटलं आता मार पडणार. तर तिने आत येऊन दार लावलं, बसली आणि म्हणाली, एक दे."

"माझी आजी?"

"दर सोमवारी एक. कोणाला सांगायचं नाही या बोलीवर. तेव्हापासून आमच्या आजीला साबणाची एक वडी जास्त मिळायची."

एल्स्पेथचा हात थांबला. तिच्या आजीचं मोठं तैलचित्र आमच्या सभागृहात आहे, सगळे तिच्याखाली ताठ बसतात. "आजीने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग, जुन्या सवयीने, "पण तेव्हा तरी इथे दुसरं काय होतं म्हणा. आर्चिबाल्ड आला तेव्हा तर नुसतं ओसाड रान."

आंटी विल्मा बादलीवरून पुढे वाकली. "ओसाड? आमची म्हातारी सांगायची, इथून नदीपर्यंत पिवळं धमक असायचं. बायका दिवसाला टोपल्या भरायच्या. अगं पोरी, डोकं चालव. रान ओसाड असतं तर तुझ्या अकराशे मेंढ्या पहिली दोन वर्षं काय खात होत्या? वारा?"

एल्स्पेथला मी गेली पन्नास वर्षं ओळखते. उत्तर नसलं तरी उत्तर देणारी बाई. या वेळी ती पुढचं भोक पाडायला लागली, मग त्याच्या पुढचं. अकरावा कंद आंटीने तिच्या हातात ठेवला आणि तो तिने स्वतः मातीत सोडून वरून माती लोटली, अगदी हळू, कोणी झोपलेलं जागं होऊ नये तशी.

निघताना तिने तारेवरून फॉर्म काढला. टॉवेलांमुळे ओला झाला होता, शाई पसरली होती.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी अहवाल दिला तो मी शब्दशः लिहिलाय. "सही मिळाली नाही. पुढचा विषय." लेसने काही विचारायला तोंड उघडलं. एल्स्पेथने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते जांभई देऊन मिटलं. त्या वर्षी माहितीपत्रक पुन्हा छापायचं होतं. एल्स्पेथने तपासायला घरी नेलं आणि परत दिलं तेव्हा एक ओळ कमी होती. कुठली ते मी सांगायला नको. शाळेतली मुलं अजून जुनीच म्हणतात, आणि मुलांना दुरुस्त करणं एल्स्पेथला पहिल्यांदाच जड जातंय.

आता याला तीन वर्षं होतील. पर्थवाली झाडं पहिल्या पावसाळी हिवाळ्यातच गेली. आमच्या काळ्या चिकट मातीत मुळं कुजली. पाट्या तेवढ्या उभ्या आहेत. त्या चांगल्या धातूच्या होत्या. बसने येणारे पाहुणे रिकाम्या मातीतल्या लॅटिन पाट्यांचे फोटो काढतात आणि अभिप्रायाच्या वहीत 'शांत बाग' असं लिहितात. क्लेमने देशी वनस्पती मंडळाचा राजीनामा दिला होता. मंडळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो नामंजूर केला. दर गुरुवारी तो आंटीकडे शिकायला जातो. आंटी त्याला वाफ्याला हात लावू देत नाही, नुसतं बघायला बसवते. तो वहीत लिहून घेतो.

आंटीच्या वाफ्यात आता दोनशेवर झाडं आहेत. बी धरून तिने शाळेला दिलं, इस्पितळाच्या अंगणाला दिलं, शेजाऱ्याला दिलं. ड्रमंड कॉटेजला दिलेलं नाही. एल्स्पेथने दोनदा मागितलं. पहिल्यांदा मंडळाच्या कागदावर. दुसऱ्यांदा नुसतं तोंडाने, वाफ्याशी उकिडवं बसून. आंटी दोन्ही वेळा म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." एल्स्पेथ निमूट ऐकून घेते, हे पाहायला लेस एकदा मुद्दाम माझ्याबरोबर आला होता.

गेल्या सोमवारी आंटीने पहिल्यांदा खायला म्हणून कंद काढले. अंगणातच चूल पेटवली, निखाऱ्यात पुरले, बाहेर काढून राख झटकली. एक एल्स्पेथच्या पुढे धरला. एल्स्पेथने तो रुमालाने पुसला, वास घेतला, बारीक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"काय?" आंटीने विचारलं.

"थोडं मीठ हवं होतं," एल्स्पेथ म्हणाली.

मग तिने दुसरा उचलला, त्याला पुसायच्या भानगडीत न पडता. तिसरा आंटीने तिच्याकडे सरकवला. दोघींचं बोलणं आता गुडघ्याच्या दुखण्यावर आलं होतं. मी बादलीवर बसून होते, रिकामं ताट मांडीवर घेऊन. मला कोणी विचारलंच नाही.